कुत्र्यानं चावलेली कानाची तार

सोमवार, १ डिसेंबर

काजलने ही डायरी दिवाळीत दिली. ती काम करते त्या ट्रस्टची आहे, वरती माणसाच्या कानाचं चित्र. म्हणाली, "आजी, तू दिनभर बठ्ठास्ना जीव खास. ते आठे लिख, घर थोडं शांत ऱ्हाई." मी सगळ्यांचा जीव खाते म्हणे. मी चौथी शिकलेली बाई. गुरुजींनी छडी मारून जी भाषा शिकवली तीच हातातून उतरते, तोंडातून घरची निघते. महिनाभर डायरी कोरी होती. आज लिहायला कारण मिळालं. ते कारण चार पायांचं आहे.

काजल माझी नात, भाईदासची पोरगी. गेल्या उन्हाळ्यात सासर सोडून रनाळ्याला परत आली. आंदणातलं कपाट, पलंग, गाद्या, भांडी, सगळं तिकडं शिरपूरला राहिलं. आणलं काय? कुत्रं. एसटीत मांडीवर घेऊन आली. मी म्हटलं, "माय, एक पातेलं तरी उचली लयती." तर मला म्हणते, "पातेलं मन्हामांगे पयत उनं नही." कुत्रं मागं पळत आलं म्हणे. नाव ठेवलंय कुकी. मी त्याला मेल्या म्हणते, त्यालाही तो येतो.

आज दुपारी काजल कपडे वाळत घालत होती. मेल्यानं खाटेवरचा हेडफोन खाली ओढला आणि त्याची तार मधोमध चघळली. दोन तुकडे नाहीत, पण जिथं चावली तिथं नुसती लाळ आणि चिंध्या.

हा गाण्याचा हेडफोन असता तर मी हसले असते. हा काजलच्या पोटाचा आहे. तिचा ट्रस्ट गावोगाव लोकांचे कान तपासतो. हेडफोन लोकांच्या कानावर चढवायचा, त्यात टूं टूं आवाज येतो, आला की बोट वर करायचं. कुठल्या कानात आला ते कोणी विचारत नाही, यंत्राला म्हणे ठाऊक असतं. उजव्या बाजूला लाल पट्टी, डाव्या बाजूला निळी. काजलकडे हा एकच आहे. नोकरी जानेवारीत पक्की व्हायची. आणि भाईदासनं पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंय, नोकरी पक्की झाली तर इथं राहा, नाही तर शिरपूरची माणसं न्यायला येतील तेव्हा मी आडवा येणार नाही. तिचा बाप, माझ्या पोटचा पोरगा, पण बोलतो सावकारासारखा.

काजल तार हातात घेऊन बसली. कुत्र्याला एक चापट नाही. मला म्हणाली, "ट्रस्टना सरले सांगू नको." एवढंच. ही पोरगी ओरडत नाही, तिचा रोगच तो आहे. सासरी काय झालं तेही तिनं सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. मनगटावरचे वळ बघितले होते.

कुत्र्याला मी चिमट्यानं हाणायला गेले तर ते काजलच्या पायात शिरलं.

एक गोष्ट मला कळत नाही. आजवर त्यानं फाडलं ते तिचंच. तिची चप्पल, तिची ओढणी, आता हे. माझी चप्पल दारात पडलेली असते, तिला तोंड लावत नाही. ती कामावर गेली की हे सुरू होतं. जी जीव लावते तिच्याच वस्तूंवर याचा डोळा. जात दाखवतं.

मंगळवार, २ डिसेंबर

काजलला घेऊन नंदुरबारला गेले. बसस्टँडच्या मागं तौहिदचं मोबाईलचं दुकान आहे. कपाटाएवढं दुकान, आणि त्यात तो, त्याचा पंखा आणि लोकांचे पोट फाडलेले फोन.

त्यानं तार बघितली आणि विचारलं, "उंदीर था क्या?"

"उंदीर नही, नातजावाईना घरना पाहुना," मी म्हटलं. काजलनं मला कोपर मारलं.

"दादी, आज नहीं होगा. रखके जाओ, शनिवार को देखता हूँ."

"परवा धानोराले शिबिर शे. शनवारलोंग लोकेस्ना कानमा काय घालू, वाती?"

तो हसायला लागला. "दादी, तुम खुदही बैठ जाओ दुकान पे."

"बसस ना. सरक."

मी खरंच स्टुलावर बसले. तो दुसऱ्या कुणाची तार जोडत होता. मी बघितलं. त्यात काय आहे? वरची साल काढायची, आतल्या तारा सुट्या करायच्या, लायटरनं जाळायच्या, पिळायच्या, कथील लावायचं, चिकटपट्टी. कल्हईवाले पूर्वी दारात बसून याहून अवघड काम करत. मी विचारलं, चांगली तार जाळतो कशाला? म्हणाला, "इन तारोंपे रंग चढा रहता, दादी. जलाए बिना आवाज नहीं पकडती. लेकिन सुनो, जलाने के पहले रंग का..."

तेवढ्यात रनाळ्याची बस लागली. काजल हात ओढायला लागली. तौहिद मागून बोलतच होता. दुकानदारांना बोलायची सवय असते. मी कथलाचा एक तुकडा मागून घेतला आणि निघाले.

बसमध्ये काजल म्हणाली, "आजी, तू खरंच करशी?" मी म्हटलं, तुझ्या आजोबांची विहिरीवरची मोटार मी तीनदा जोडली आहे, ते ओट्यावर बसून बिडी ओढत होते तेव्हा.

बुधवार, ३ डिसेंबर

केलं.

सकाळी सगळे शेतात गेल्यावर बसले. विळीवर चावलेला भाग कापून टाकला. आत चार तारा, केसाहून बारीक. एक लाल, एक हिरवी, दोन पिवळट. दोन्ही तोंडांना तशाच. पिवळट दोघी आधीच एकमेकींना बिलगलेल्या होत्या, त्या मी पिळून एक केल्या. मग देवाजवळच्या निरांजनावर सगळी तोंडं जाळली. रंग गेला, काळ्या पडल्या. राखेनं चोळल्या तर सगळ्या एकसारख्या तांब्याच्या निघाल्या, सख्ख्या बहिणी. जाडीला जाडी लावली. उरल्या दोन इकडं, दोन तिकडं. मी थोडा वेळ बघत बसले, कुठली कुणाची. मग म्हटलं, तांबं ते तांबं. ताकाला भांडं कुठलं का असेना.

दाभण गॅसवर लाल करून कथील लावलं. दोनदा बोट भाजलं. मग मोटारीची काळी चिकटपट्टी गुंडाळली. चांगला अंगठ्याएवढा गठ्ठा झाला. दिसायला मेलेली गोम.

काजल आली तेव्हा तिनं यंत्राला लावलं, गाणं लावलं. कानावर चढवलं. तिचं तोंड उघडलं. "आजी! दोन्हीबाजू वाजस!" माझ्या कानावर चढवलं. मला काही कळलं नाही, पण वाजत होतं.

मग म्हणाली, रोज सकाळी यंत्रावर एक चाचणी करायची असते, डावं उजवं बघायची, आणि मग सही. आता करून बघते. मी म्हटलं, दोन्हीकडं वाजतंय ना? मग आणि काय बघायचं? ताट वाढलंय, जेव. जेवली.

तारेला मी वरून ठेच्याचं तेल चोळून ठेवलं. आमच्याकडची मिरची माणसाला रडवते, कुत्र्याची काय कथा.

गुरुवार, ४ डिसेंबर

मेल्यानं रात्रीतून सगळं तेल चाटून काढलं. तार चकचकीत. मग पाण्याचं भांडं संपवलं आणि पुन्हा येऊन तार हुंगत बसला. काय करणार, या घरात त्याला पहिल्या दिवसापासून भाकरीबरोबर तेच मिळतंय.

तार शाबूत आहे. धानोऱ्याचं शिबिर झालं. काजल दमून आली पण खूश होती. सर म्हणाले, काम सफाईदार आहे. माझं नाव तिनं सांगितलं नाही. नको सांगू. नाव सांगून मला कोण साडी नेसवणार आहे?

बुधवार, १० डिसेंबर

डोकं फुटायची वेळ आली आहे.

आज शिबिर रनाळ्यातच होतं, मारुतीच्या देवळासमोर मंडपात. मी पहिल्या खुर्चीवर. काजलनं हेडफोन चढवला. माझा काळा गठ्ठा माझ्याच मांडीवर लोंबत होता. टूं आला, बोट वर. टूं आला, बोट वर. मग नुसती शांतता, मग पुन्हा टूं.

तिचे ते नवनीत सर स्वतः आले होते. बारीक मिशी, खिशाला दोन पेनं. कागद बघून मला म्हणाले, "आजी, उजवा कान एकदम उत्तम. डावा बराच कमजोर आहे."

मी म्हटलं, "साहेब, मन्हा उजवा कान लगीनना साले फुटना. तव्हयपासून त्याम्हा काही जात नही. मी डावा कुशीवर निजस, चांगला कान उशीमा दाबीसन, म्हंजे घरनी कटकट बंद."

"वयानं असा गोंधळ होतो, आजी."

"गोंधळ मन्हा नही. तुमना डबाना."

मागची माणसं हसली. सर पण हसले, वरवरचं. "यंत्र चुकत नाही, आजी. माणसाला आपल्या कानाचं नीट कळत नाही."

माझ्या डोक्यावर कान कुठल्या बाजूला आहे ते याला माझ्याहून जास्त कळतं! मी काजलकडं बघितलं. ती खाली बघत म्हणाली, "आजी, मशीनमा तसंच ये ऱ्हायनं."

तुळशीबाईचा डावा कान वाहतो, सगळ्या आळीला माहीत आहे, वास येतो. तिला उजव्याचा कागद दिला. ती बिचारी कागद घेऊन घरी गेली आणि उजव्या कानात तेल घातलं. मी तिला विचारलं, का वं? म्हणाली, "सायेबनी लिखेल शे."

सगळा ट्रस्ट बावळटांचा आहे. यंत्र कुठून तरी स्वस्तात उचललेलं असणार. माझी तार मात्र पक्की आहे, दिवसभर एकदाही बंद पडली नाही.

गुरुवार, १८ डिसेंबर

धानोऱ्याचे छगननाना आले. माझ्या दिराचे व्याही. त्यांचा उजवा कान जुना बहिरा, डाव्यानं जग चालवत होते. ट्रस्टनं त्यांना काल कानातलं मशीन दिलं. कुठल्या कानात? डाव्या.

दारातूनच ओरडत आले. "वहिनी, मन्हा चांगला कान बी गया!"

"काय व्हयनं?"

"काय?"

"काय व्हयनं म्हनस!"

"बठ्ठं गरजस! भाकर चावस ते असं लागस जसं टॅक्टर चालू व्हयनं. बायको बोलस ते निस्तं किरकिर."

"ते पयलेबी किरकिरच व्हतं."

"काय?"

मी उठून त्यांच्या कानातलं मशीन ओढून काढलं. लगेच माणसात आले. मी विचारलं, सांगायचं नाही का, डावा चांगला आहे म्हणून? म्हणाले, सांगितलं. काजललाच सांगितलं. ती म्हणाली, नाना, मशीनमध्ये असं येतंय. साहेबांना सांगितलं, ते म्हणाले, सवय होईल. धानोऱ्यात अजून दोघांचं असंच. त्यातला बाज्या तर चौकात उभा राहून लोकांना विचारतो, तुमचा कुठला कान बदलून मिळाला.

काजल आतल्या खोलीत होती. सगळं ऐकत होती. बाहेर आली नाही.

आता मला सगळं समजलं. त्या मिशीवाल्यानं यंत्रात उलटं भरून ठेवलंय. शिकलेली माणसं एकदा उलटं शिकली की कोणी सुलटं करू शकत नाही.

शुक्रवार, १९ डिसेंबर

सरांचा फोन आला. काजलनं सोमवारी ऑफिसला यायचं, यंत्र, हेडफोन, ओळखपत्र सगळं घेऊन. ओळखपत्र घेऊन म्हणजे काय ते मला सांगायची गरज नाही. चूक यांच्या डब्याची आणि खापर माझ्या पोरीवर.

भाईदास ओट्यावर फोनवर शिरपूरशी बोलत होता. "हो, हो, या तुम्ही नवीन वर्षात." गोड आवाज. बैलाला दावं लावताना काढतो तसा.

काजलनं जेवण टाळलं. कुत्रं तिच्या ताटाजवळ बसलं, त्यानंही खाल्लं नाही. नाटकी.

सोमवारी मी जाणार. छगननानाला घेऊन जाणार. त्या माणसाची मिशी मी जागेवर ठेवणार नाही.

सोमवार, २२ डिसेंबर

लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण झोपही नाही आणि डायरी समोर पडली आहे.

नंदुरबारच्या ऑफिसात गेलो. काजल, मी, छगननाना, ज्यांनी मशीन खिशात ठेवलं होतं. टेबलावर कागद पसरलेले. सर म्हणाले, "काजल मॅडम, तीन गावांच्या नोंदी तुम्ही उलट्या भरल्यात. डावा तिथं उजवा, उजवा तिथं डावा. लोक तक्रारी घेऊन येताहेत."

काजल मान खाली घालून उभी.

मी टेबलावर हात आपटला. "पोरगी काय भरस? डबा भरस! डबाच खोटा शे. मी त्या दिनच सांगं व्हतं. तुम्हीनी ऐकं नही, हसनात. आते मन्ही पोरगीना डोकावर टाकी ऱ्हायनात?" छगननानांना मी पुढं ढकललं. "हाऊ दखा. ह्याले विचारा कोनता कान."

"डावा चांगला शे," छगननाना म्हणाले. "जन्मथून."

सरांनी काजलच्या पिशवीतून यंत्र काढलं, हेडफोन स्वतःच्या कानावर चढवला, लाल पट्टी उजवीकडं, नीट. एक बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग हेडफोन उलटा घातला आणि पुन्हा दाबलं. तोंडाचं पाणी पळालं. हळूच तार हातातून सरकवत नेली आणि माझ्या गठ्ठ्यावर येऊन थांबले.

"हे कोणी केलं?"

काजल म्हणाली, "मी, सर. माझ्या हातातून पडला. तार तुटली."

पडला म्हणे! कुत्र्याचं नाव नाही, माझं नाव नाही.

सर चिकटपट्टी सोडत होते. "आतल्या रंगाच्या तारा उलट जोडल्या गेल्यात. लालला हिरवी, हिरवीला लाल. दोन्ही कानांत आवाज येतो, म्हणून तुम्हाला कळलं नाही. पण उजव्याचा आवाज डाव्यात जातो. रोजच्या चाचणीत हे पहिल्याच मिनिटाला दिसतं. चाचणीवर तुमची सही आहे."

"हो, सर. चाचणी न करता सही केली. चूक माझी."

मी उभी होते. माझ्या हाताची बोटं भाजलेली, खपली अजून होती. मी म्हटलं, "ती खोटं बोली ऱ्हायनी. तार मी जोडी."

सरांनी माझ्याकडं बघितलं. "रंग बघितले नाहीत का, आजी?"

"रंग जाळीसन जोडात."

तेव्हा मला तौहिद आठवला. जाळायच्या आधी रंगाची खूण करा, असं तो सांगत असणार. मग मोठ्यानं सांगायचं ना! बसस्टँडच्या भोंग्यांच्या तोंडाशी दुकान टाकलंय आणि बोलतो पोथी वाचल्यासारखा. आणि त्या तारांवर रंग चढवायचाच, तर असा चढवायचा की जळल्यावर राहील. ज्यांनी बनवली त्यांना घरी बाई नाही का, अक्कल द्यायला?

मी चुकले असं मी लिहिणार नाही. दोन तारा उलट लागल्या.

छगननाना मात्र खुर्चीतून उठले. "म्हंजे मी बरोबर व्हतू!" त्यांना दुसरं काही दिसतच नव्हतं. "साहेब, मी बरोबर व्हतू ना? जरा लिखी द्या, घरमा दखाडाले."

सर म्हणाले, सगळ्यांची पुन्हा तपासणी करावी लागेल. तिन्ही गावं. घरोघर जाऊन प्रत्येकाला काय झालं ते सांगून. ते झाल्याशिवाय काजलच्या नोकरीबद्दल ते वर काही कळवू शकत नाहीत. ओळखपत्र घेतलं नाही, एवढं बरं केलं.

बाहेर आलो. छगननाना त्यांच्या बसनं गेले. आम्ही रनाळ्याच्या फलाटावर उभ्या. मी म्हटलं, काळजी करू नको. मी येते तुझ्याबरोबर घरोघर. कोण काय बोलतो बघते. एकेकाचं तोंड बंद करते.

तर ती ओरडली.

काजल ओरडली. भर स्टँडात.

"तू चूप! तू चूप बस! तू कोनं ऐकस का कधी? तौहिदभाई सांगी ऱ्हायंता, तू उठी उनी. मी बोलनी चाचणी करस, तू बोलनी जेव. आनी मी! मी बी तशीच. छगननाना बोलनात, मी ऐकं नही. तू बोलनी उजवा कान, मी तुन्हंबी ऐकं नही. मशीन बोली ऱ्हायनं म्हनीसन! आखो कोनता घरमा तुले लई जाऊ? मी एकलीच जासू. तू घर बस!"

शेंगदाणेवाला थांबला. एक कंडक्टर शिट्टी तोंडात धरून बघत राहिला. तिच्या मानेची शीर फुगली होती, हात हवेत. एवढा आवाज या पोरीत होता कुठं? शिरपूरला ठेवून आली होती की काय?

मला उलटं बोलली. चारचौघांत. माझ्या हयातीत मला कोणी असं बोललं नाही, तिच्या आजोबांची टाप नव्हती.

बसमध्ये मी तिच्याशी बोलले नाही. तिनंही मला खिडकीची जागा दिली नाही.

बुधवार, २४ डिसेंबर

ती पहाटे धानोऱ्याला गेली. काल सरांना फोन करून तिनं दोन नवे हेडफोन मागितले. एक बिघडला तर दुसरा नाही ही चूक कुणाची, असं विचारलं त्यांना. मी स्वयंपाकघरात होते, कान देऊन ऐकलं. दोन्ही मिळाले.

कुत्रं तिच्यामागं फाटकापर्यंत गेलं आणि रडत बसलं. मी बांधलं तर दोर चावायला लागलं. शेवटी काजलची जुनी ओढणी त्याच्यापुढं टाकली, म्हटलं, घे, हिच्यावर तरी दात चालव. तर चावत नाही. तोंड खुपसून पडलं आहे. मग तार कशाला चावलीस, मेल्या?

तिनं मला अजून हाक मारली नाही. मीही मारणार नाही.

मंगळवार, ३० डिसेंबर

तिन्ही गावं झाली.

धानोऱ्याचं मला छगननानांनी फोनवर सांगितलं. आता त्यांचं मशीन उजव्या कानात आहे आणि ते फोन सोडत नाहीत. काजल बाज्याच्या घरी गेली तेव्हा बाज्यानं दारात चार माणसं जमवली आणि विचारलं, "आज कोनता कान, मॅडम? का आज नाक तपासशी?" काजल म्हणाली, "बाज्याभाऊ, खाले बस. तोंड चालू ऱ्हायनं ते कानले काय ऐकू ई?" बसला. म्हणे शेवटपर्यंत बोट वर करण्याशिवाय काही केलं नाही त्यानं. छगननाना हसून हसून खोकत होते. मी हसले नाही.

रनाळ्यात तिनं मला सगळ्यांच्या शेवटी बसवलं. रांगेत. तुळशीबाईच्याही मागं. टूं, बोट वर. कागदावर उजवा कमजोर, डावा उत्तम. मी म्हटलं, "आज खरं बोलना तुन्हा डबा." ती म्हणाली, "पुढे सरका, मांगे लोके शेतस." मला. सरका.

आज सकाळी सरांचा फोन आला. जानेवारीत पक्की करता येणार नाही. अजून तीन महिने बघू.

भाईदासनं ऐकलं आणि घसा साफ केला. म्हणाला, "लटकेल नोकरी म्हंजे नोकरी नही. आईतवारले शिरपूरवाला येतीन." माझ्याकडं बघत म्हणाला, तिच्याकडं नाही.

मी उठले. पदर खोचला. त्या मिशीवाल्याला आता मी काय ते सांगणार होते. तीन गावं पायाखाली घातली पोरीनं, आता आणखी काय बघायचं राहिलं?

काजलही सरांच्याच ऑफिसात निघाली होती, दारात मागून आणलेल्या स्कूटीची किल्ली शोधत होती. म्हणाली, "आजी, तू बस."

"मी येस."

"नही. तू उनी ते तुन्हं भांडन व्हस. माले मन्हं करनं शे."

मग ओट्यावर गेली. बापाच्या समोर. कधी उभी राहत नाही ती तिथं. म्हणाली, "दादा, शिरपूरले फोन करी सांगा, येऊ नका. उनात ते मी घरमा ऱ्हावाव नही. त्यास्ना संगे मी कधीच जावाव नही. नोकरी ऱ्हायनी का गयी, त्याना काही संबंध नही."

ओरडली नाही. पण पलीकडच्या आळीत ऐकू गेलं असणार, तुळशीबाईनं झाडू थांबवला.

भाईदास तोंड उघडं ठेवून माझ्याकडं वळला. मी म्हटलं, "माले काय दखस? माले ऐकू उनं. तुले उनं नही का?"

तो फोन घेऊन मागच्या अंगणात गेला. कोणाला लावला, काय बोलला, ऐकायला मी गेले नाही. आवाज मात्र गोड नव्हता.

काजल गेली ती अकराच्या सुमाराला. एकटी. जेवणाचा डबा दिला तर म्हणाली उशीर होतोय. मी तरी स्कूटीच्या आकड्याला अडकवलाच.

मी असते तर पाच मिनिटांत काम केलं असतं. तिला बोलायला वेळ लागतो, आधी समोरच्याचं सगळं ऐकून घेते, मग एक एक शब्द मोजून काढते. असल्या माणसांपुढं असं चालत नाही. सांगितलं असतं, पण विचारलं कोणी?

मला बरोबर घेतलं नाही याचा राग आहे, तो लिहून ठेवते. मी कुणाची वाट बघत दारात बसणारी बाई नाही. आज ओट्यावर बसले आहे ती उन्हासाठी.

ऊन मघाशीच भिंतीवरून गेलं.